फॉरमॅट मारण्याआधी

बंद पडलेला लॅपटॉप आणि अडकलेला लॅपटॉप यांत फार अंतर आहे. बंद पडलेल्याची स्क्रीन काळी असते. आपण हात टेकतो आणि दुकानाची वाट धरतो. अडकलेला मात्र आपल्याला जागचं हलू देत नाही. सगळं जिथल्या तिथं दिसतं. माउसचा बाण हवा तिथे फिरतो. फोल्डरवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत हिरवी रेघ डावीकडून निघते, पाऊण वाटेवर येते आणि तिथेच रेंगाळते. मग खिडकी फिकट पांढरी पडते आणि तिच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’ अशी अक्षरं उमटतात. काही मिनिटांनी फोल्डर उघडतोही. आपण ‘चला, झालं’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. घरोघरी या ‘चला, झालं’मध्ये महिनेच्या महिने निघून जातात, आणि नेमके तेच महिने मोलाचे असतात.

टाकवे बुद्रुकच्या आमच्या घरातला लॅपटॉप असा अडकायला लागला तेव्हा त्याचा मालक नेमका कोण, हे सांगणं कठीण होतं. पुतण्या अकरावीला गेला तेव्हा तो तळेगावातून जुना विकत आणलेला. दिवसा पुतण्याचा अभ्यास, संध्याकाळी वहिनींचा बचत गट, रविवारी आप्पांचे जमिनीचे कागद. वहिनी गटाच्या सचिव आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाचं लेखन ही बचत गटाची पंचसूत्री त्यांना तोंडपाठ. पाचवं सूत्र नीट पाळता यावं म्हणून त्यांनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला आणि खातेवही एक्सेलमध्ये आणली. कुणी लावणीच्या मजुरीसाठी कर्ज उचललं, कुणी मुलीच्या दवाखान्यासाठी, कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, सगळं त्यात.

आप्पांच्या फोल्डरमध्ये जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यांचे आणि फेरफारांचे फोटो. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या निघतो. पण भाऊबंदकीत वाद उठतो तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून, आणि मावळातल्या जमिनीला आज जो भाव आला आहे तो पाहता जुन्या नोंदीची प्रत हाताशी नसलेला माणूस फार एकटा पडतो. आप्पांनी हे इतरांच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे, म्हणून ते त्या फोटोंना जपतात.

तिसरा फोल्डर ‘आजी’ नावाचा. त्यात माझ्या आईच्या ओव्या. आई गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पुतण्यानं तिला जात्यापुढे बसवून फोनवर त्या रेकॉर्ड केल्या आणि मग लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या. फोन पुढे बदलला. जात्यात तेव्हा दळायला काहीच नव्हतं, पण खुंट्याला हात लागल्याशिवाय आईला ओवी सुचत नसे. रिकाम्या जात्याची घरघर त्या प्रत्येक फाइलमध्ये ऐकू येते.

“भावजी, परत अडकलं. नुसतं गोल फिरतंय,” मी कामावरून आलो की वहिनी सांगायच्या. कान्ह्याहून लोकल धरून मी रोज पिंपरीला जातो, तिथे एका कंपनीचे संगणक सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे घरातल्या यंत्राची नाडी बघणं माझ्याकडेच. फोल्डर अडकला की एक्सेल अडकायचं, मग ब्राउझर, आणि खालच्या टास्कबारवर क्लिक केलं तर तोही ढिम्म. गावात ज्याला विचाराल तो एकच औषध सांगतो: फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका. दुकानातही हेच सांगतात.

हा सल्ला मला मनापासून खटकतो. त्यात वाईट हेतू नसतो. दुकानदाराला दिवसात दहा यंत्रं बघायची असतात आणि नवी विंडोज टाकल्यावर लॅपटॉप काही दिवस खरोखर पळतोही. पण सल्ला देणारा ‘आत काय आहे?’ हे क्वचितच विचारतो. ‘डेटा पाहिजे का?’ असा प्रश्न येतो, आणि समोरची बाई गोंधळते. डेटा म्हणजे काय ते तिला ठाऊक नसतं असं नाही; पण तिच्या लेखी ती गटाची वही असते, सासूचा आवाज असतो. त्याला डेटा म्हटलं की ते कुणा दुसऱ्याचं काहीतरी वाटतं. ती ‘नको’ म्हणते आणि पेन ड्राइव्हवरून नवी विंडोज चढायला लागते.

अडकलेल्या खिडकीमागे काय चाललेलं असतं ते समजून घेण्याजोगं आहे. प्रत्येक प्रोग्राम विंडोजकडून येणारे निरोप सतत उचलत असतो: इथे क्लिक झालं, तिथे कळ दाबली गेली. पाच सेकंद त्यानं निरोप उचलले नाहीत की विंडोज त्याला उत्तर न देणारा ठरवते, त्याची खरी खिडकी झाकते आणि तिच्या जागी एक फिकट नक्कल मांडते. आपण रागानं क्लिक करत राहतो ते या नकलेवर. प्रोग्राम मेलेला नसतो. त्यानं खाली कुणाकडे तरी काही मागितलेलं असतं आणि उत्तर येईपर्यंत तो थांबलेला असतो. फोल्डरच्या खिडक्या आणि टास्कबार हे दोन्ही एक्सप्लोरर या एकाच प्रोग्रामचं काम, म्हणून एकाचा श्वास अडला की दुसऱ्याचाही अडतो.

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे येताना इंद्रायणीवरचा पूल लागतो. पुलावर एखादा टेम्पो बंद पडला की अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंना रांग लागते. रांगेतल्या दुधाच्या गाडीत बिघाड नसतो, शाळेच्या बसमध्ये नसतो, कारखान्याकडे निघालेल्या ट्रकमध्येही नसतो. फाट्यावर उभं राहून एकेका गाडीचं बॉनेट उघडण्यात अर्थ नाही. चालत पुलापर्यंत जावं लागतं.

लॅपटॉपमध्ये पुलापर्यंत जायचं म्हणजे टास्क मॅनेजर उघडायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो येतो. अडकलेल्या यंत्रावर येतो तोही उशिराच, पण येतो. तिथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे असतात. मेमरी भरलेली असेल तर गोष्ट वेगळी: दोन-तीन प्रोग्राम बंद केले की यंत्र मोकळं होतं. कधी दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर तुटून पडलेले असतात. कधी राइट क्लिकच्या यादीत एखाद्या जुन्या प्रोग्रामनं घुसवलेली ओळ सगळा खोळंबा करते, तर कधी आता अस्तित्वातच नसलेली नेटवर्कवरची ड्राइव्ह एक्सप्लोरर शोधत बसतो. गिरणीजवळच्या घरांत पंख्यात भाताचा तूस साचून यंत्र तापलेलंही मी पाहिलं आहे, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून मंद चालतो.

आमच्या लॅपटॉपचा आकडा यांपैकी कशातच बसत नव्हता. प्रोसेसर जवळजवळ रिकामा. मेमरी पुरेशी. डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली, आणि तरी तिच्यातून येणारी माहिती सेकंदाला काही किलोबाइट, कधी कधी शून्य. पूर्ण वेळ राबतेय आणि हाती काही देत नाही अशी डिस्क दिसली की माझ्या मनात पाल चुकचुकते. इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज तिथे स्वतःची रोजनिशी लिहीत असते आणि ती सहसा कुणी वाचत नाही. डिस्कवर खराब ब्लॉक सापडल्याची नोंद, वाचन पुन्हा करावं लागल्याची नोंद, मग पुन्हा खराब ब्लॉक. कितीतरी आठवड्यांपासून यंत्र रोज लिहून सांगत होतं.

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क ही आतून फार नाजूक वस्तू. चकचकीत तबकडी मिनिटाला 5400 वेळा, म्हणजे सेकंदाला 90 वेळा फिरते. तिच्यावरून वाचणारं टोक काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, तबकडीला न टेकता. 1956 साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून जेमतेम 5 एमबी मावत. आज मोबाइलमधल्या एका फोटोलाही तेवढी जागा लागते. एवढ्या गर्दीत लिहिलेलं वाचताना एखादी जागा झिजलेली निघाली की डिस्क लगेच हार मानत नाही. तबकडी पुन्हा फिरून येईपर्यंत थांबते, परत वाचते. टोक अगदी किंचित इकडेतिकडे सरकवून वाचते. चुकांची दुरुस्ती करण्यासाठी सोबत लिहून ठेवलेल्या जादा आकड्यांवरून हिशेब मांडून पाहते. विंडोजही तिला सवड देते: एका मागणीसाठी सर्वसाधारणपणे 60 सेकंद.

पडद्यावर आपण जे अडकणं म्हणून पाहतो ते इथे, तळाशी, या प्रयत्नांतून आलेलं असतं. डिस्कला ‘हे वाचता येत नाही’ असं पहिल्याच फेरीत सांगून मोकळं होता आलं असतं. मग खिडकी कधी पांढरी पडली नसती आणि फाइल मात्र गेली असती. डिस्क आपण लिहिलेलं सोडायला तयार नसते, म्हणून सगळं थांबतं. हे कळलं तेव्हापासून अडकलेल्या यंत्राबद्दलचा माझा राग गेला. त्याच्यावर चिडून पॉवरचं बटण दाबून धरणारा हात मी आता शक्य तिथे थांबवतो.

मग ही डिस्क झिजली कशानं? तिनं स्वतःच थोडं सांगितलं. डिस्क आपल्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते. स्मार्ट म्हणतात त्यांना. बाद करून दुसरीकडे हलवलेल्या जागा किती, वाचायच्या राहिलेल्या संशयास्पद जागा किती, असं सगळं. त्यात एक नोंद असते अचानक वीज गेल्याची. वीज तुटली की फिरत्या तबकडीत शिल्लक असलेल्या वेगातून डिस्क क्षणभराची वीज बनवते आणि तेवढ्या बळावर टोक घाईनं सुरक्षित जागी ओढून घेते. ही कल्पना ज्या इंजिनिअरांना सुचली त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण असं घाईचं ओढणं रोजच्या सावकाश थांबण्यापेक्षा जास्त झिजवतं. आमच्या डिस्कवरचा तो आकडा भलताच मोठा होता.

कारण उघड होतं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तो कायम वायरवर चालायचा, आणि आंदर मावळातला पावसाळा म्हणजे दिवे जाण्याचा हंगाम. तारेवर फांदी पडली, दिवे गेले. आले, पुन्हा गेले. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तर मावळात झाडं आणि खांब दोन्ही आडवे झाले होते. याच खोऱ्यात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे, 1922 सालचं. नदी उताराला धरून आमच्याकडे, पूर्वेला वाहते. धरणाचं पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिवपुरीला उतरवतात, तिथे त्याची वीज होते आणि मुंबईला जाते. शंभर वर्षांहून जास्त काळ या खोऱ्याच्या पावसावर मुंबईचे दिवे जळत आले. त्याच खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवर, खांडीला किंवा सावळ्याला, पोरगी अभ्यासाला बसली असताना वीज जाऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे असं मला वाटतं, आणि ती मी जिथे जमेल तिथे बोलून दाखवतो.

दुखणं कळल्यावर दुरुस्तीची घाई होते. चेक डिस्क चालवून बघू, खराब जागा नीट होतील, असा सल्ला लगेच मिळतो. पण ती आज्ञा सगळी तबकडी पिंजून काढते, आणि धाप लागलेल्या डिस्कला शेवटची दौड तीच ठरू शकते. आधी आतलं बाहेर काढायचं, बाकी सगळं नंतर. मी लॅपटॉपवरची विंडोज सुरूच केली नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवलं, एक बाहेरची डिस्क जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. तो मोफत आहे, आणि त्याची काम करण्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तो अवघड जागी हट्टानं बसून राहत नाही. जे सहज वाचता येतं ते आधी सगळं उचलतो. अडखळला की ती जागा टिपून ठेवतो, पुढे जातो, आणि धड असलेलं सगळं सुखरूप बाहेर आल्यावरच त्या टिपलेल्या जागांकडे परत वळतो. काय झालं, काय राहिलं याचा नकाशा तो एका फाइलमध्ये लिहीत जातो. मध्येच वीज गेली तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. टाकव्यात बसून काम करणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

संध्याकाळपासून वहिनी, पुतण्या आणि आप्पा तिघंही त्या पडद्याजवळ होते. पडद्यावर नुसते आकडे सरकत होते, तरी कुणी उठेना. “आजीचं आलं का?” पुतण्या विचारायचा. मला सांगता येत नव्हतं, कारण हा प्रोग्राम फाइल ओळखत नाही. तो पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत जे दिसेल ते उचलतो. ओव्या कुठे, सातबारा कुठे, पुतण्याचे सिनेमे कुठे, त्याला सगळं सारखं. आप्पा म्हणाले, “मग सगळंच येऊ दे.”

त्या रात्री मला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांची आठवण होत होती. त्यांनी आमच्या शेजारच्या मुळशीच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि ते काम हजाराहून जास्त गावांत, लाखाहून जास्त ओव्यांपर्यंत नेलं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचा संगणकावरचा संग्रह उभा राहिला. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’, तो जगापुढे आणत आहे. शेकडो बायांचे आवाज ध्वनिफितीवरून डिस्कवर, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर असे पिढ्या ओलांडत आले आहेत. कुणीतरी दर खेपेला उतरवून घेतलं म्हणून ते आहेत. ज्या बाईची ओवी त्या संग्रहात नाही तिची ओवी तिच्या घरच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये असेल तर असेल, आणि तो लॅपटॉप कधीतरी अडकेल. तेव्हा त्याच्यापुढे कोण बसलेलं असेल आणि तो कोणता सल्ला ऐकेल, यावर त्या आवाजाचं राहणं-जाणं ठरतं. लॅपटॉप दुरुस्ती हे मला दुय्यम काम वाटत नाही ते यासाठी.

बहुतेक सगळं आलं. आप्पांचे फोटो सगळे उघडले. आईच्या ओव्यांपैकी एकीत मध्येच आवाज तुटतो आणि पुढच्या शब्दापासून परत सुरू होतो. त्या जागेचं वाचन झालं नाही, म्हणून प्रतीत ती जागा रिकामीच राहिली. आवाजाच्या फाइलला असं भोक पडलं तरी ती बहुधा वाजते. एक्सेलचं तसं नाही. एक्सेलची फाइल आत दाबून बांधलेली असते. चिमूटभर आकडे हरवले तर कधी कधी सगळीच उघडत नाही. गटाची चालू वर्षाची फाइल नेमकी तशी निघाली.

वहिनींनी दोन मिनिटं डोक्याला हात लावला आणि मग उठून सरळ सभासदांना निरोप धाडले. गटातल्या प्रत्येक बाईकडे तिचं पासबुक असतं. तिची बचत, तिचं कर्ज, तिचा हप्ता सचिवाच्या सहीसकट त्यात लिहिलेला. बायका पासबुकं घेऊन आमच्या ओसरीवर जमल्या. एकेक नोंद वाचली गेली, वहिनी टाइप करत गेल्या, आणि बँकेच्या खात्याशी ताळा जमेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. ज्यांनी कधी काळी ही पद्धत घालून दिली त्यांनी एका वहीच्या इतक्या प्रती इतक्या घरांत आधीच वाटून ठेवल्या होत्या.

जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, बॅटरी नवी घातली. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे ती वेगवान. पण ती जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखी महिनोन्‌महिने अडकून सूचना देईलच असं नाही, पुष्कळदा एकदमच जाते. हे मी गटाच्या पुढच्या बैठकीत सांगितलं आणि बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याला प्रत काढायचं सुचवलं. वहिनी म्हणाल्या, डिस्क आमच्या कपाटात राहील. त्यावर वडेश्वरहून येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “दोन्ही एकाच घरात? अन् घरालाच काही झालं मग?” यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी दुसरी प्रत मावशींच्या घरी ठेवायची असा ठराव झाला, आणि डिस्कचा खर्च गटाच्या खात्यातून.

डिस्क पिशवीत घालताना मावशींनी विचारलं, “ह्यात तुमच्या आईच्या ओव्या पण हायेत का?” आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंनाही पुष्कळ येतात, पण कुणी लिहून घेतल्या नाहीत, आणि जातं अजून पडवीत आहे. येत्या रविवारी पुतण्या फोन घेऊन वडेश्वरला जाणार आहे.